बिनपगारी इंटर्न

शाळेत होतो तोवर उन्हाळ्याची सुट्टी कशी सरकारी होती. १ मेला निकाल लागला की जूनच्या मध्यापर्यंत आपलं कोणी नाव घेत नसे. कॉलेजात गेल्यावर ती विद्यापीठाच्या मर्जीवर आली. एप्रिलभर प्रॅक्टिकल, मे महिनाभर लेखी, त्यातही एखादा पेपर पुढे ढकललेला. महाराष्ट्र एक्सप्रेसने जळगावला उतरावं, तर रसाचे दिवस सरत येऊन लोणच्याचे सुरू झालेले आणि मामेभावंडं आपापल्या घरी गेलेली.

मला त्याचं दुःख नव्हतं. मोठ्या माणसाला सुट्टी कमीच मिळायची! पहिल्या वर्षी घरी येताना मी एक जाडजूड इंग्रजी कादंबरी आणली आणि संध्याकाळी ती उघडून गच्चीवर येरझाऱ्या घातल्या. समोरच्या तिन्ही घरांतून दिसेल अशा बेताने.

या गच्चीवर शाळेच्या दिवसांत मी वाळवणाचा राखणदार होतो. कुरडयांचे गहू तीन दिवस भिजायचे, रोज पाणी बदलायचं, तरी आंबूस वास घरभर. मग ते वाटून गाळायचे, चीक रात्रभर निवळू द्यायचा आणि पहाटे वरचं पाणी ओतून मीठ-हिंग घालून शिजवायचा. पहाटेच, कारण मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ अंशांशी सलगी करतो. सोऱ्यातून शेवटची कुरडई पडली की माझी ड्यूटी सुरू. टाकीच्या सावलीत बसून कावळे हाकायचे. काळी छत्री उघडून ठेवली की कावळे फिरकत नाहीत, असं आत्याचं मत. कावळे त्याच छत्रीवर बसून कुरडया निवडत. पगार रोख होता: वाटीभर गरम चीक, वर दूध-साखर. ओल्या कुरडया मी परस्पर खायचो, तो भत्ता वेगळा. कावळ्यांपेक्षा मीच महाग पडतो हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं; तरी दरवर्षी नेमणूक माझीच.

दुसऱ्या वर्षी पुण्यात इंटर्नशिप मिळाली. एसीत बसून इतरांच्या एक्सेल शीटमधले रकाने सरळ करायचे, आणि पगार नाही. मी आईला फोनवर कंपनीचं पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, "छान. जेवायला देतात का?"

रुजू होण्याआधी चार दिवस घरी गेलो. टाकीच्या सावलीत आत्याचा धाकटा बसला होता. मी ओल्या कुरडईला हात घातला, तसा तो म्हणाला, "दादा, तू खाली पंख्यात बस. मामीने सांगितलंय, दादाला उन्हात येऊ द्यायचं नाही."

खाली आईने विचारलं, "किती दिवस आहेस?"

शाळेच्या सुट्टीत हे मला कोणी विचारलं नव्हतं. हे पाहुण्यांना विचारतात. स्वतःच्या घरात मुक्कामाचा हिशेब द्यायचा? मी फणकारून म्हटलं, "का, अडचण होते का?" तिने उत्तर दिलं नाही, कॅलेंडर बघत राहिली. शेवभाजी आज, मांडे परवा, रस रोज, असं ती बसवत होती. चार दिवसांत महिनाभराचं जेवण काही बसेना.

पुढे नोकरीच्या मुलाखतीत साहेबांनी विचारलं, "इंटर्नशिपमध्ये नेमकं काय शिकलात?" मला दोन वाक्यं जुळवता येईनात. कावळ्यांबद्दल विचारलं असतं, तर साहेबांचं जेवण चुकवलं असतं.