अचानक आलेली दिवाळी

एक तारखेला पगार झाला की आपल्याकडच्या कैक घरांत एक अर्थमंत्री जन्माला येतो. सात-आठ तारखेपर्यंत त्याचा राजीनामा येतो. मधल्या काळात एक्सेलचा तक्ता तयार होतो: किराणा, दूध, वीजबिल, मेंटेनन्स, मावशींचा पगार आणि सगळ्यात खाली हिरव्या रंगात ‘बचत’. रंग छान उठून दिसतो, एवढं खरं.

तक्ता कोसळला की आरोपी ठरलेला: महागाई. ती आहेच, पण तिच्या नावावर आपली पापंही खपतात. हा तक्ता आपण अशा महिन्यासाठी बांधतो ज्यात काहीच घडत नाही. ना सण, ना लग्न, ना दाढदुखी. कालनिर्णय 1973 पासून निघतंय, पण असा महिना त्यात अजून छापलेला नाही.

तरी घरोघरी एकच वाक्य: ‘या महिन्यात जरा अचानक खर्च निघाला.’ अचानक? गणपती दरवर्षी येतात. दिवाळीची तारीख वर्षभर भिंतीवर टांगलेली असते. गाडीच्या विम्याची मुदत पॉलिसीवर छापलेली असते. भाचीच्या लग्नाचा हॉल सहा महिने आधी बुक झालेला असतो आणि तो शोधायला आपणच गेलेलो असतो. धोंड्याचा महिना तर साधारण तीन वर्षांनी, पंचांगात रीतसर नोंद करून येतो; तरी जावयाच्या वाणाला चांदी घेताना सासरेबुवा दरोडा पडल्यासारखे दिसतात.

सरकारही यातलंच, म्हणा. मार्चमध्ये अर्थसंकल्प, पावसाळी अधिवेशनात पुरवणी मागण्या, हिवाळ्यात नागपूरला आणखी पुरवणी मागण्या. घरच्या मंत्र्याच्या पुरवणी मागण्या क्रेडिट कार्डावर मंजूर होतात. थकबाकी ठेवली तर बऱ्याच कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज, म्हणजे वर्षाला चाळीसच्या वर. एवढ्या दराने तर गावचा सावकारही मागताना इकडेतिकडे बघून घेतो.

राज्यघटनेत मात्र अनुच्छेद 267 आहे: अनपेक्षित खर्चासाठी आकस्मिकता निधी. आपल्या आज्यांनी घटना न वाचता तो डाळीच्या डब्यात ठेवला होता. 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा बाद झाल्या आणि कित्येक नवऱ्यांना पहिल्यांदाच कळलं की आपल्या घराला राखीव निधी होता. अर्थमंत्री कोण होतं, तेही कळलं.

हल्ली सल्ला मिळतो तो 50-30-20 चा: निम्मा पगार गरजांना, तीस टक्के हौसेला, वीस टक्के बचतीला. हे सूत्र एलिझाबेथ वॉरन आणि त्यांच्या मुलीच्या 2005 च्या पुस्तकामुळे गाजलं. त्या अमेरिकेतल्या. डोंबिवलीत घराचा हप्ताच निम्मा पगार खाऊन ढेकर देतो. मग भाजी हौसेत धरायची का?

त्यापेक्षा पेन घ्या आणि महिन्याचा नाही, वर्षाचा हिशेब मांडा. समजा, शाळेची फी 36,000, विम्याचे हप्ते 24,000, गणपती-दिवाळी मिळून 18,000, आहेर आणि लग्नाचे प्रवास 12,000, गाडीचा विमा 6,000. बेरीज 96,000. भागिले बारा, म्हणजे महिन्याला 8,000. हे आठ हजार पगाराच्या दिवशीच वेगळ्या खात्यात टाका, आणि त्या खात्याला यूपीआय जोडू नका. जोडलंत तर दहा मिनिटांत घरी येणारं आइस्क्रीमही ‘आकस्मिक’ ठरतं. आठ हजार निघतच नसतील तर निदान जूनमध्येच कळेल की दिवाळीत नवा सोफा येणार नाही. पहिल्या वर्षी आकडे चुकतील. दुसऱ्या वर्षी दुरुस्त करा.

आणखी एक रकाना हवाच: घरातल्या प्रत्येकाला थोडे पैसे, ज्यांचा हिशेब कुणी विचारायचा नाही. त्यातून कुणी मिसळ खावी, कुणी चौथी कुर्ती घ्यावी, कुणी ऑनलाइन गेममध्ये तलवार विकत घ्यावी. अंदाजपत्रक मोडतं ते बहुतेकदा या चाळीस-पन्नास रुपयांच्या चौकशांनी. अर्थमंत्र्यांनी तिथे ऑडिट लावू नये. लावलंत, तर डाळीचे डबे पुन्हा भरू लागतील आणि या वेळी तुम्हाला कळणारही नाही.