घर घेणारे तात्या

पुण्याच्या पेठांत राहणाऱ्या मनुष्यमात्राचे घरमालक आणि भाडेकरू असे दोनच वर्ग आहेत, ही महानगरपालिकेच्या करआकारणी खात्यापासून लघुवाद न्यायालयापर्यंत सर्वत्र रूढ असलेली समजूत सर्वस्वी अपुरी आहे. या दोहोंच्या दरम्यान, त्रिशंकूसारखा अधांतरी, परंतु त्रिशंकूची तक्रार मात्र ज्याला मुळीच नाही, असा एक तिसरा वर्ग सुखाने नांदत असतो. तो ‘घर घेणाऱ्यां’चा. घर घेतलेला मनुष्य कर्जाच्या हप्त्याने आणि भिंतीच्या ओलीने लवकरच वाकतो. घर न घेणारा मनुष्य आप्तेष्टांच्या लेखी निष्काळजी ठरतो. परंतु ‘घेणारा’ मनुष्य एकाच वेळी दूरदर्शीही असतो आणि निश्चिंतही असतो, आणि या स्थितीत त्याला पुष्कळ वर्षे काढता येतात. आमच्या वाड्यातील तात्यांनी बत्तीस काढली.

सदाशिव पेठेतल्या त्या वाड्यात दिंडी दरवाजातून आत शिरले, की चौकाच्या उजव्या अंगाला जो अंधारा जिना लागे, त्याच्या शेवटच्या पायरीपाशी तात्यांचे बिऱ्हाड सुरू होई. सहा खणांच्या दोन खोल्या, आणि जिला खोली म्हणता येत नाही पण नुसती पडवी म्हटले तर काकूंना राग येतो अशी एक जागा, एवढा त्याचा विस्तार होता. भाडे दरमहा साडेबारा रुपये. १९४२ साली नवविवाहित तात्यांनी येथे पाऊल ठेवले तेव्हा, ‘वर्षभराचा प्रश्न आहे, मग आपले घर घेऊ,’ असे काकूंना आश्वासन दिले. आणि ज्या भिंती उद्या सोडायच्या आहेत त्यांत खिळा ठोकून परक्याच्या मालमत्तेस बाधा आणू नये, अशी सक्त ताकीदही त्याच दिवशी दिली. परिणामी लग्नाचा फोटो ट्रंकेवर, घड्याळ फडताळात आणि दरवर्षीचे नवे कॅलेंडर पाण्याच्या पिंपाला टेकून, अशी सर्व प्रतिष्ठित मंडळी त्या घरात भिंतीपाशी उभी असत. भिंतीवर मात्र कोणी चढत नसे.

तात्या लष्करी हिशेब खात्यात होते, ही गोष्ट त्यांचा स्वभाव समजण्यास अत्यंत आवश्यक आहे. दुसऱ्याने केलेल्या खर्चावर हरकत नोंदवणे हे ज्याचे उदरनिर्वाहाचे साधन, त्याला स्वतःच्या हातून खर्च होणे किती दुष्कर जात असेल, याची कल्पना इतर खात्यांतील लोकांना यावयाची नाही. त्यांच्यापाशी एक लांबट, लाल कापडी पाठीची वही होती. तिच्या प्रत्येक पानावर मधोमध एक उभी रेघ असून डाव्या रकान्याच्या माथ्यावर ‘हेच घर’ आणि उजव्या रकान्याच्या माथ्यावर ‘दुसरे घर’ असे वळणदार अक्षरांत लिहिलेले असे. डावीकडे ‘मंडई जवळ’ अशी नोंद झाली, की उजवीकडे ‘मंडईचा गलका नाही’ अशी नोंद होई. ‘शेजार ओळखीचा’ या गुणासमोर ‘शेजार अद्याप अनोळखी’ हाही गुणच म्हणून मांडलेला असे. दोन्ही बाजूंची बेरीज बरोबर जुळल्याखेरीज हिशेबनीस झोपत नाही, आणि ती जुळली की निर्णय होत नाही, अशा पेचात ती वही भरत गेली. ती भरली की दुसरी येई.

‘हेच घर’ हा रकाना निव्वळ काल्पनिक होता असे मात्र कोणी समजू नये. वाड्याचे मालक अण्णा हे तळमजल्यावरच राहत. दुसऱ्या महायुद्धानंतर आलेल्या १९४७च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या जागांचे प्रमाणित भाडे १ सप्टेंबर १९४० रोजी असेल तेथेच थिजवून ठेवले होते. सबब साऱ्या बिऱ्हाडांचे मिळून जे भाडे अण्णांच्या हाती येई, त्यात वाड्याची मंगलोरी कौले सोडाच, कौलांवर चढणाऱ्या माणसाची मजुरीही धड सुटत नसे. म्हणून १९५३ साली एका संध्याकाळी ते स्वतः जिना चढून आले आणि म्हणाले, “तात्या, तुमच्या या खोल्या तुम्हीच घेऊन टाका. चार हजार द्या. हवे तर हप्त्याने द्या.”

तात्यांनी वही उघडली. “अण्णा, चार हजार रुपये मी चार टक्क्यांनी ठेवले, तर वर्षाचे व्याज येते एकशेसाठ. तुमचे भाडे होते वर्षाचे दीडशे. म्हणजे न घेतल्यास मला सालिना दहा रुपयांचा निव्वळ लाभ आहे. शिवाय घरपट्टी तुमची, कौले तुमची.”

“आणि ते चार हजार रुपये कुठे ठेवले आहेत?” स्वयंपाकघरातून काकूंनी विचारले.

हा प्रश्न हिशेबतपासणीच्या कक्षेबाहेरचा असल्याकारणाने अनुत्तरित राहिला. पुढे अण्णांनी बारा हजार मागितले, तेव्हा न घेण्यातला लाभ वर्षाला तीनशे तीस रुपयांवर गेला. पस्तीस हजार मागितले, तेव्हा तो साडेबाराशे झाला. किंमत जसजशी चढे, तसतशी तात्यांची कागदोपत्री मिळकत वाढे. आणि आपण घर न घेऊन आजवर किती पैसे मिळवले याचा आकडा ते आम्हांला अशा समाधानाने सांगत, की साडेबारा रुपये भाड्याच्या जागेत राहणारा एवढा श्रीमंत गृहस्थ दुसरा नसेल, असेच ऐकणाऱ्याला वाटे.

उजव्या रकान्यासाठी रविवार राखून ठेवलेला होता. हातात छत्री, खिशात मोजपट्टी, आणि जुन्या बाजारातून आठ आण्यांस पैदा केलेले एक लष्करी होकायंत्र (जे सरकारी भांडारातून बाहेर कसे आले, यावर हरकत नोंदवण्याचा मोह त्यांनी प्रयत्नपूर्वक आवरला होता) असा सरंजाम घेऊन ते निघत, आणि फीत दुसऱ्या टोकाला धरण्यासाठी मला बरोबर नेत. मी तेव्हा शाळेत होतो. पुढे महाविद्यालयात गेलो, नोकरीला लागलो, तरी फितीचे दुसरे टोक माझ्याकडेच राहिले. घर पाहण्याचे शास्त्र मी त्यांच्यापाशीच शिकलो. नळाला पाणी किती वेळ असते हे मालकाला विचारू नये, शेजारच्या धुणेवालीला विचारावे. वैशाखात पाहिलेल्या घरावर विश्वास ठेवू नये. घराचा स्वभाव आषाढात कळतो. भिंतीवर ताजा चुना दिसला, तर तो कशावर दिला आहे हे पाहावे. आणि हे सर्व यथासांग जुळले, तर कागद पाहावेत; कारण कागदांत काही ना काही निघतेच. तीस वर्षांच्या व्यवहारांचा शोध घेतला, की प्रत्येक वाड्यात एखादा अज्ञान वारस सापडतो, एखादा न फिटलेला बोजा सापडतो, आणि एखादा चुलता सापडतोच सापडतो, जो भांडून इंदूरला निघून गेला आणि ज्याने हक्कसोडपत्र लिहून दिलेले नाही. असा चुलता सापडला म्हणजे तात्यांच्या मुखावर जी प्रसन्नता पसरे, ती मी त्यांच्या मुलाच्या मुंजीतही पाहिली नाही.

चुलता न सापडल्यास कायदा होताच. भाडेकरूने दुसरे योग्य निवासस्थान बांधले किंवा त्याचा रिकामा कब्जा मिळवला, तर मालकाला जुनी जागा परत मागता येते, असे एक कलम त्या भाडेनियंत्रण कायद्यात होते. ते तात्यांना मुखोद्गत होते. “पाहा बरे,” ते मला समजावत, “दुसरे घर घ्यावे, तर हे जाते. म्हणजे त्या घराच्या किमतीत या घराचीही किंमत धरली पाहिजे. आणि हे घर तर चार हजारांचे आहे; मग इतके महाग घर सोडून जायचे कशाला?” या युक्तिवादात कोठे तरी हेत्वाभास आहे हे मला कळे, तो नेमका कोठे आहे हे मात्र फीत गुंडाळून होईपर्यंत सापडत नसे.

एकदाच, केवळ एकदाच, दैव तात्यांना निर्णयापर्यंत घेऊन गेले. १९६१ सालच्या उन्हाळ्यात ओंकारेश्वराच्या अंगाला, नदीच्या उशाशी, एक टुमदार दुमजली घर निघाले. चुलता नव्हता. बोजा नव्हता. वारा थेट नदीवरून येई. काकूंनी ते पाहिले आणि स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. इसाराची रक्कम मोजून रुमालात बांधली गेली. ती बुधवारी द्यावयाची, परंतु बुधवारी अमावास्या निघाली, तेव्हा तात्या म्हणाले, “एका दिवसाने काय बिघडते? गुरुवारी देऊ.” तो बुधवार म्हणजे १२ जुलै. सकाळी पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही गेले, आणि मुठेच्या काठच्या पेठांत पाणी शिरले. ओंकारेश्वराच्या अंगाचे ते घर संध्याकाळी जागेवर नव्हते.

त्या पुराने हजारो संसार उघड्यावर आणले, आणि तात्यांनी इसाराचा तो रुमाल तसाच्या तसा पूरग्रस्तांच्या मदतीला देऊन टाकला, हे मी मुद्दाम नमूद करतो. कारण त्या रकमेवर त्यांनी कोणतीही हरकत नोंदवली नाही. तथापि त्या दिवसापासून त्यांच्या अनिश्चयास शास्त्राचे अधिष्ठान प्राप्त झाले. यापूर्वी ‘तात्यांचे काही ठरत नाही’ असे म्हणणारे लोक आता ‘तात्या उगाच थांबत नाहीत’ असे म्हणू लागले. १९६३ साली मालकीच्या सदनिकांचा कायदा झाला, पुढे डेक्कनच्या पलीकडे ओनरशिपचे ब्लॉक उभे राहू लागले, आणि बांधकाम व्यावसायिकाने काय काय उघड केले पाहिजे, करारनामा कसा नोंदवला पाहिजे, सोसायटी करून जमीन तिच्या नावे केव्हा करून दिली पाहिजे, हे पोटतिडकीने सांगणारा आमच्या पेठेत एकच मनुष्य होता. लोक नकाशे घेऊन त्यांच्याकडे येत. तात्या शंभर हरकती काढीत. लोक त्यातल्या दहा दूर करून घेत, उरलेल्या नव्वदांकडे काणाडोळा करीत, आणि घर घेऊन मोकळे होत. अशा रीतीने तात्यांनी किमान वीस कुटुंबांना घर मिळवून दिले. वास्तुशांतीला त्यांना मानाचे पान असे, आणि जेवून परत येताना ते जिन्यात हमखास म्हणत, “पश्चिमेकडची खिडकी लहान आहे. पस्तावतील.”

१९७४ साली तात्या निवृत्त झाले. त्याच वर्षी वाडा पाडून तेथे चार मजली इमारत बांधण्याची इच्छा असलेला एक गृहस्थ अण्णांकडे येऊ लागला. जुन्या बिऱ्हाडांना सवलतीत ब्लॉक मिळणार होते. म्हणजे ‘हेच घर’ आणि ‘दुसरे घर’ हे दोन्ही रकाने, बत्तीस वर्षांत प्रथमच, एका जागी येणार होते. अण्णांचे मुलगे सहीसाठी उतावीळ झाले होते. अण्णांनी जुन्या कागदांची पेटी गड्याच्या डोक्यावर देऊन वर पाठवली, आणि पाठोपाठ स्वतःही आले.

“तात्या, तुमच्या नजरेखालून गेल्याशिवाय मी सही करणार नाही.”

आठ दिवस तात्या त्या पेटीत होते. खरेदीखते, फेरफार, मोडीतल्या नकला, चतुःसीमांची वर्णने यांतून नवव्या दिवशी ते बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहराच सर्व काही सांगत होता. अण्णांच्या आजोबांचा एक धाकटा भाऊ बडोद्याला निघून गेला होता. हक्कसोडपत्र नव्हते.

“मग यंदा नको म्हणता?” अण्णांनी विचारले.

“यंदा तर नाहीच. बडोद्याचे वारस शोधायला हवेत.”

अण्णा बराच वेळ चौकातल्या हौदाकडे पाहत बसले. मग हलकेच म्हणाले, “तो बडोद्याचा आजोबा मला लहानपणापासून ठाऊक आहे हो. पण मी सांगितले असते, तर पोरांना वाटले असते म्हातारा अडवतोय. तुम्ही शोधून काढणार अशी खात्री होती, म्हणून तर पेटी तुमच्याकडे पाठवली.”

तात्यांनी चष्मा काढून पुसला. दोघेही काही बोलले नाहीत. अखेर तात्या म्हणाले, “अण्णा, पडवीवरची कौले गळतात.”

“पाऊस सरला की पाहू,” अण्णा म्हणाले, आणि जिना उतरू लागले. गेली बत्तीस वर्षे हेच मागणे आणि हेच उत्तर त्या जिन्यावर मी ऐकत आलो होतो. परंतु वाडा विकला गेला, तर कौलांविषयी बोलायचे कोणाशी, ही चिंता दोघांनाही तितकीच होती, हे मला त्या दिवशी उमगले.

अण्णा गेले तशा काकू आतून बाहेर आल्या. त्यांनी माझ्या हातात हातोडी आणि एक चांगला लांब खिळा ठेवला, ट्रंकेवरचा लग्नाचा फोटो पदराने पुसला आणि समोरच्या भिंतीकडे बोट केले.

“अहो, जरा थांबा,” तात्या घाईने म्हणाले. “ती भिंत शेजाऱ्यांशी सामाईक आहे. पलीकडची तशी नाही. पण तिला ओल येते. नीट विचार करू.” त्यांनी वही ओढली, कोऱ्या पानावर मधोमध उभी रेघ मारली, आणि डाव्या रकान्याच्या माथ्यावर वळणदार अक्षरांत ‘ही भिंत’ असे लिहिले.

“लिहा तुम्ही,” काकू म्हणाल्या, आणि माझ्याकडे वळल्या. “यांचे लिहून होईपर्यंत तुझे ठोकून होईल.”