ग्रेडलराव, एका वेलांटीसाठी

श्री. ग्रेडलराव (बिल्ड टूल) यांस,
स. न. वि. वि.

शुक्रवारी संध्याकाळी एका जुन्या अँड्रॉइड ॲपमधल्या ‘पावति’ची ‘पावती’ करायची होती. वेलांटी सुधारली, बिल्ड लावला आणि आपला निरोप आला : ‘अनसपोर्टेड क्लास फाइल मेजर व्हर्जन ६५’. ६५ म्हणजे जावा २१. त्यातून ४४ वजा करायचे, हे ज्ञान प्रोग्रामरला उपजतच असतं, असा आपला समज दिसतो.

प्रोजेक्टमध्ये आपण आवृत्ती ६, नव्या लॅपटॉपवर जावा २१. त्यावर चालायला आपण किमान ८.५ असावं लागतं. आपल्याला तिथवर न्यायचं, तर अँड्रॉइडचं प्लगइन बदला. ते बदललं, की त्याला नेमस्पेस हवी. शिवाय २०२१ साली, ७.० मध्ये, आपण ‘कंपाइल’लाच नारळ दिलात, आता जागोजाग ‘इम्प्लिमेंटेशन’ लिहा. जुना जावाही बसवून भागवा, असं जाणकार सांगतात. म्हणजे एका वेलांटीपायी लॅपटॉपवर दोन जावा नांदवायचे!

आपले थोरले बंधू मेव्हन एक्सएमएलचं पाल्हाळ लावतात, कबूल. पण त्यांच्या पॉम फाइलवर मॉडेल व्हर्जन ४.०.० आहे, ते २००५ सालच्या मेव्हन २ पासून. आपले आजोबा मेक तर १९७६ चे, बेल लॅब्जमधले. टॅबऐवजी स्पेस दिसली की अडून बसतात. पण इतकी वर्षं एकाच गोष्टीवर अडून बसतात! आपलं तसं नाही. प्रत्येक मोठ्या आवृत्तीला रुसायचं कारण नवं.

प्रगतीची पट्टी ९७ टक्क्यांवर थबकते, तेव्हा आपल्या बोधचिन्हात हत्ती का, तेही कळतं. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं.

अरे, पण त्या ॲपच्या कोडमध्ये काहीही बिघडलेलं नाही! बिघडलास तो तू! बिल्ड फाइल म्हणजे प्रोग्रामच असावा, हा तुझा हट्ट. मग तीही प्रोग्रामसारखीच जुनी होते, आणि तिची डागडुजी करायची आम्ही.

असो. खरं तर आपली कीवही येते. २०१३ मध्ये गूगलने अँड्रॉइड स्टुडिओ आणला आणि सगळ्या अँड्रॉइडचा भार आपल्या पाठीवर आला. जावा दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती काढतो, आपण त्याच्यामागे धापा टाकत धावता. कुणाचं तरी प्लगइन वाऱ्यावर सोडलेलं असतं, शिव्या मात्र आपल्याला. २०१९ साली आलेल्या आवृत्ती ६ ला २०२३ चा जावा ठाऊक असणार तरी कसा?

पण मग ‘हा जावा माझ्या ओळखीचा नाही’ एवढं सरळ म्हणायला काय जात होतं?

कळावे. आणि आपला तो पडद्यामागे चालणारा डीमन आवरावा. काम नसतानाही तीन-तीन तास रॅम अडवून बसतो.

आपला (नाइलाजाने),
एक प्रोग्रामर