नीट ठेवलंय

दिघीच्या आमच्या मोठ्या काकींना आवराआवर अजिबात आवडत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर व्यवस्थित बाई म्हटली की लोकांच्या डोळ्यांपुढे घडीच्या चादरी आणि लखलखीत पातेली येतात. काकींच्या पडवीत पाऊल टाकलं की आधी करवंट्या लागतात, मग कुणाची तरी छत्री, मग सुपारीचं पोतं आणि त्या पोत्यावर इस्त्रीला जायचे शर्ट. नव्या पाहुण्याला वाटतं, या घरात कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही. पण अकरा माणसांच्या त्या घरात कुणाची एसटी चुकत नाही, कुणी उपाशी झोपत नाही आणि भात अर्धा शिजलेला असताना गॅस संपत नाही. ज्यांच्या चादरींच्या घड्या कडक असतात अशा किती घरांत हे जमतं, ते ज्यानं त्यानं पाहावं.

काकींसारखी एकेक बाई किनाऱ्यावरच्या प्रत्येक मोठ्या घरात असते. तिला कुणी नेमत नाही. सासूच्या कमरेच्या किल्ल्या एक दिवस तिच्या कमरेला येतात आणि त्या दिवसापासून ती दोनच शब्द बोलते, "नीट ठेवलंय." या दोन शब्दांचा घरात सर्वमान्य अर्थ असा, की ती वस्तू सुरक्षित आहे आणि आता तुम्हाला जन्मात सापडणार नाही. समोरच्या जंजिऱ्याचं संस्थान 1948 साली भारतात विलीन झालं. काकींची कोठीची खोली अजून व्हायची आहे.

त्या खोलीत डब्यावर लिहिलेलं आत नसतं. बोर्नव्हिटाच्या बरणीत लाल मसाला, डालड्याच्या जुन्या डब्यात मेथ्या, आणि शेजाऱ्यांनी कुवेतहून आणलेल्या चॉकलेटांच्या डब्यात सोडे. तो डबा उघडून आनंदाने हात घातलेला एक नातू अजून चॉकलेट म्हटलं की आधी वास घेतो. धाकटी सून पुण्याची. तिने लग्नानंतरच्या पहिल्याच मे महिन्यात सगळ्या डब्यांना छापील चिठ्ठ्या चिकटवल्या, अक्षरसुद्धा देखणं होतं. काकींनी कौतुक केलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सगळी निजलेली असताना आतला माल फिरवला.

"अहो आई, पण चिठ्ठ्यांचा उपयोग काय मग?"

"राहू देत गं, छान दिसतात. पण चकल्या कुठे ते भिंतीवर लिहून ठेवलं तर चतुर्थीपर्यंत टिकतील का?"

सुनेने विचार केला. आता तिचंही एक कपाट आहे, आणि त्यातलं नवऱ्याला सापडत नाही.

घड्याळ काकी बघतात, पण ते एसटीसाठी आणि शाळेसाठी. बाकीचा दिवस पाण्यावर चालतो. सकाळी चहा गाळता गाळता त्या विचारतात, "आज तिथी कितवी?" कुणीतरी म्हणतं तृतीया. "तीन पाऊणे सव्वादोन," काकी म्हणतात आणि कपबश्या मांडायला लागतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा या किनाऱ्याचा जुना हिशेब. भरती सव्वादोनला, म्हणजे पाणी ओसरलेलं आठ-साडेआठला. खडकावर गेलेल्या बायका कालवं घेऊन साडेदहाच्या आत दारात येत नाहीत. म्हणून वाटण साडेनऊला, आणि जंजिऱ्याच्या होडीवर जाणाऱ्या धाकट्या काकांच्या डब्यात कालवं नाहीत, कालचं वालाचं बिरडं. बंदरात पाळीने कामाला जाणाऱ्या मुलाला मात्र कालवं, कारण त्याची दुसरी पाळी. हे सगळं चहा गाळून होईपर्यंत ठरलेलं असतं. मुलाने एकदा मोबाईलवर भरतीची वेळ काढून पाहिली. पंधरावीस मिनिटांचा फरक निघाला. काकींनी तो फरक मोबाईलच्या नावावर टाकला.

लिहिणं त्यांना वर्ज्य नाही. कालनिर्णय 1973 साली निघालं, आणि आमच्या घरात त्याची पाठ कधी कोरी राहिली नाही. पण काकींचं लिहिणं असं: 'गॅ.' म्हणजे गॅस लावला, 'दू. 0' म्हणजे दूध घेतलं नाही, इथवर सगळ्यांना कळतं. मागे एका चौकोनात 'भा. 500 म.' असं होतं. त्याचा अर्थ भाताची मजुरी की भावोजींना मदत, यावर जेवताना बराच वाद झाला. धाकटे काका तर पाचशे रुपये परत करायला निघाले होते. काकींनी ते घेतले. अर्थ शेवटपर्यंत सांगितला नाही.

मे महिन्यात आगोट भरायची असते तेव्हा काकींना भेटायला जाऊ नये. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत मासेमारी बंद, समुद्र खवळलेला, म्हणजे सुके बोंबील, जवळा, सोडे, आमसुलं, पापड, कुरडया, लाकूडफाटा, सगळं आधीच आत यायला हवं. त्या दिवसांत त्यांच्या समोर मोकळ्या हाताने उभा राहिलेला माणूस पाच मिनिटांत राखण करत बसलेला असतो. गणपतीला उलटं. तेव्हा आम्ही चाकरमानी आगरदांड्याहून फेरीबोटीने गाड्यांसकट येऊन आदळतो. अकराची पंचवीस माणसं होतात आणि न्हाणी एकच. झोपायच्या जागा काकी नात्याने देत नाहीत, गुणाने देतात. घोरणारे पडवीत, पहाटे उठणारे दाराशी, रात्री मोबाईल बघणारे देवघराच्या भिंतीला, लाज वाटावी म्हणून. माझे एक मेहुणे लग्नानंतर पहिल्यांदाच आले होते. काकींनी त्यांना दुपारी खुर्चीत डुलकी लागलेली पाहिली, दोन मिनिटं कान दिला आणि त्यांची गादी पडवीत टाकायला सांगितली.

मोठे काका निवृत्त कारकून. त्यांचा या पद्धतीवर विश्वास नव्हता. त्यांनी घराची सगळी कागदपत्रं एका जाड फायलीत लावली होती, क्रमांक घातलेली, पुढे अनुक्रमणिका, आणि ती फाईल लोखंडी कपाटात. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं. दिवेआगर, श्रीवर्धन, सगळ्या पट्ट्यात नारळी-पोफळी आडव्या झाल्या. आमच्या घराची कौलं पत्त्यांसारखी उडाली आणि पाऊस थेट कपाटावर पडला. पुढे पंचनाम्याला माणसं आली, कागद मागितले. काकांनी फाईल उघडली. अनुक्रमणिकेची शाई पान चौदापर्यंत उतरली होती आणि पानं एकमेकांना सोडत नव्हती.

काकी काही बोलल्या नाहीत. कोठीत गेल्या, तांदळाच्या पिंपाचं झाकण काढलं आणि कोपरापर्यंत हात घातला. प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला सातबाऱ्याचा उतारा निघाला. मग पासबुकं. मग आधार कार्डं, रबर लावलेली, वयाच्या क्रमाने. काकांच्या फायलीत होते ते काय होते मग? "झेरॉक्स," काकी म्हणाल्या. खऱ्या कागदांच्या जागी त्या कधी गेल्या, हे अनुक्रमणिकेला कळलं नव्हतं. हात पुन्हा आत गेला तेव्हा नोटांची एक जाडशी पुरचुंडी वर आली. ती पाहून घर गप्प झालं. काकींनी ती होती तशी खाली दाबली, वर तांदूळ सारखे केले. "ते नीट ठेवलंय."

गेल्या वर्षी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी काकी मुंबईला आमच्याकडे राहिल्या. दिघीहून रोज फोन. डोळ्यावर पट्टी बांधून काकी पलंगावरून घर चालवायच्या. एकदा मोठ्या मुलाला हिंग सापडेना.

"कोठीत गेलास? दाराकडे पाठ कर. डावा हात वर. वर म्हणजे फळीच्या वर नाही रे, फळीला. आता मागच्या कपाटाची कडी काढ."

पलीकडे कडी वाजली.

"ही पुढच्या कपाटाची वाजली. मागच्या म्हटलं मी."

पुन्हा कडी. मग बराच वेळ काही नाही, नुसती खुडबुड.

"मिळाला का हिंग?"

"हं," पलीकडून आलं.

काकी उशीवरून अर्ध्या उठल्या. "तोंडात काय आहे?"