पंगतीनंतरची गोळी

लग्नाच्या पंगतीत जिलबीचा जेवढा आग्रह होतो, तेवढाच हल्ली जेवणानंतर पित्ताच्या गोळीचाही होतो. कुठल्या तरी काकांच्या खिशात ती पट्टी असतेच. "घे रे, काही होत नाही!" काका खरं बोलतात. त्या वेळी घेतलेल्या गोळीने फारसं काही होत नाही.

ओमेप्राझोल, पँटोप्राझोल ही मंडळी वेळेची पक्की. जठराच्या अस्तरातल्या पेशींमध्ये आम्ल बाहेर टाकणारे सूक्ष्म पंप असतात. खाणं सुरू झालं की ते जोमाने चालू होतात, आणि गोळी नेमके चालू पंपच बंद पाडते. म्हणून ती घ्यायची जेवणाच्या अर्धा तास आधी. त्यातही तिची वाट वाकडी. जठरातलं आम्ल तिचा निकाल लावेल म्हणून तिच्यावर आवरण चढवलेलं असतं. जठरात न थांबता ती आतड्यात जाते, तिथून रक्तात, आणि रक्तातून फिरून पुन्हा जठराच्याच पेशींपाशी. समोरून रामराम न करता परसदारातून घरात शिरणाऱ्या पाहुण्यासारखी. अशी गोळी चावून खाणाऱ्याला काय म्हणावं! बंद पडलेला पंप सहसा परत चालू होत नाही. शरीर नवे घडवतं. त्यामुळे औषध रक्तातून काही तासांत गेलं, तरी आराम दिवसभर टिकतो.

एवढा धीर नसलेल्यांसाठी फसफसणारी पूड आहे. सोडा आम्लाला भेटतो, कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि मोठ्ठा ढेकर येतो. "आला बाई एकदाचा!" म्हणत घर निश्वास टाकतं. त्या ढेकरातला बराचसा वायू आपणच पेल्यातून आत धाडलेला असतो, हे सांगून कुणाचा आनंद घालवू नये. बाटलीतल्या घट्ट औषधात बहुधा मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियम दोन्ही असतात. एक पोट ढिलं करतं, दुसरं बांधतं. म्हणून त्यांना एकत्र नांदवलेलं बरं.

मला वाईट वाटतं ते तिखटाचं. पोटात व्रण झाला की वर्षानुवर्षं खापर मिरचीवर आणि काळजीवर फुटत असे. १९८४ साली ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल या डॉक्टरने हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाच्या जंतूंचं पाणी सरळ पिऊन टाकलं. काही दिवसांत मळमळ, उलट्या सुरू झाल्या आणि दुर्बिणीतून पाहिल्यावर जठराला सूज आलेली दिसली. बहुतेक व्रणांमागे हा जंतू किंवा वेदनाशामक गोळ्या असतात, हे पुढे सर्वमान्य झालं. मार्शलला आणि त्याचा सहकारी रॉबिन वॉरन याला २००५ साली नोबेल मिळालं. मिरची निर्दोष सुटली, पण तिचा सत्कार कुणी केला नाही. अर्थात तर्रीने ज्यांच्या छातीत जळजळ होते, त्यांनी या निकालाचा आधार घेऊन दुसरी प्लेट मागवू नये.

आणि काकांनो, ही पित्ताची गोळी महिनोन्‌महिने आपल्याच मनाने घेऊ नका. दीर्घकाळ घेतल्याने बी-१२ कमी होऊ शकतं. जळजळ पुन्हा पुन्हा होत असेल, वजन उतरत असेल किंवा शौचाला डांबरासारखं काळं होत असेल, तर औषधाचं दुकान ओलांडून थेट दवाखाना गाठा.