खांबाखालची घार

पंखा क्षणभर थांबतो आणि पुन्हा फिरू लागतो. "गेली वाटतं," असं कुणी म्हणेपर्यंत वीज परत आलेली असते. उपकेंद्राच्या लॉगबुकात एक ओळ पडते: फीडर ट्रिप, पुन्हा चार्ज केला, टिकला. त्याच वेळी कुठल्यातरी बांधावर, खांबाच्या बुडाशी एक घार मरून पडलेली असते. तिची ओळ कुठल्याच वहीत पडत नाही.

मी विजेच्या कामातला इंजिनिअर. नाशिकजवळच्या एकलहऱ्यात चिमणी म्हटलं की आधी औष्णिक केंद्राचं धुराडं डोळ्यांपुढे येतं, पक्षी नंतर. 210 मेगावॉटचे तीन संच इथे गोदावरीच्या काठावर उभे आहेत. हिलाच पुढे निफाड तालुक्यात कादवा येऊन मिळते, तिथे नांदूर मध्यमेश्वरची पाणथळ आहे. जानेवारी 2020 मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, म्हणून तिची घोषणा झाली आणि जिल्ह्याने अभिमानाने छाती फुगवली. पण या दोन ठिकाणांच्या मधे द्राक्ष, कांदा आणि ऊस आहे. मळ्यात विहीर, विहिरीवर मोटर आणि मोटरपर्यंत गेलेली लाइन. पाणथळीचं नाव पाटीवर लिहून झालं, पण तिथे उतरणारे पक्षी याच तारांवरून येतात.

तारेवर बसलेला पक्षी मरत का नाही, हा प्रश्न शाळेत प्रत्येकाला पडतो. उत्तर सोपं आहे. त्याचे दोन्ही पाय एकाच तारेवर असतात, दाबात फरक नसतो, म्हणून त्याच्या अंगातून प्रवाह वाहत नाही. मरतो तो खांबावर बसलेला पक्षी. 11 केव्हीच्या खांबावरचा लोखंडी क्रॉस आर्म जमिनीला जोडलेला असतो आणि तार त्याच्यापासून जेमतेम वीतभर उंच इन्सुलेटरवर असते. घार आडव्या लोखंडावर बसते, उडताना पंख उघडते आणि पंख तारेला लागतो. तिचे पसरलेले पंख टोकापासून टोकापर्यंत दीड मीटरच्या आसपास भरतात. दोन तारांमधलं अंतर बहुतेक ठिकाणी तेवढंही नसतं. मोठी वटवाघळं अशीच जातात. डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या सांगाड्यावर, चढलेलं माकडही असंच जातं.

म्हणजे हा अपघात नशिबाचा नाही, ड्रॉइंगचा आहे. खांब आखताना आपण माणसाचं अंतर मोजलं, ट्रॅक्टरची उंची मोजली, वाऱ्याचा जोर मोजला. पंख मोजले नाहीत.

कायदा इथे उपयोगी पडत नाही. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात प्राणी म्हणजे माणूस सोडून कोणताही सजीव, इतकी उदार व्याख्या आहे. पण पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये, तो कित्येक दशकं तसाच आहे. शिवाय हा कायदा हात उगारणाऱ्याला शोधतो. खांब हात उगारत नाही, तो नुसता चुकीचा उभा असतो. चुकीच्या उभारणीला आपल्याकडे क्रूरता म्हणत नाहीत, निविदेप्रमाणे पूर्ण झालेलं काम म्हणतात.

संक्रांतीला आपला कळवळा जागा होतो. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने जुलै 2017 मध्ये देशभर बंदी घातली, ती योग्यच झाली. मांजाने कापलेला पंख दिसतो, रक्त दिसतं, फोटो निघतो. खांबाखालचा पक्षी रात्रीत कोल्हा-कुत्रा उचलून नेतो आणि सकाळी पुरावाच उरत नाही. जे दिसतं तेवढ्यापुरतीच दया करायची असेल, तर ती अर्धवट दया आहे.

दुसऱ्या देशांनी हे काम करून दाखवलं आहे. अमेरिकेत गरुड मरू लागले, तेव्हा वीज कंपन्या आणि पक्षीतज्ज्ञ एकत्र बसले आणि तारांमधलं आडवं अंतर किमान 150 सेंटिमीटर असावं, असा दंडक त्यांनी सुचवला. जर्मनीने तर कायदाच केला: नवा खांब पक्ष्यांना सुरक्षितच हवा आणि धोकादायक जुने खांब 2012 संपेपर्यंत सुधारायचे. आपल्याकडे माळढोक संपत आला, तेव्हा कुठे एप्रिल 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला राजस्थान-गुजरातमधल्या तारांचा विचार करावा लागला. मार्च 2024 मध्ये तो आदेश बदलून समिती नेमावी लागली. एखादी जात संपायला आली की न्यायालयात धावायचं, हे धोरण म्हणता येणार नाही. घार, घुबड आणि वटवाघूळ दुर्मीळ होईपर्यंत थांबायचं का?

इंजिनिअरला हे जमतं. 2022 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनी ऊसगाडीच्या बैलांसाठी 'सारथी' तयार केलं. दोन बैलांच्या मधे आधाराचं एक चाक लावलं आणि मानेवरचा भार हलका केला. बैलाचं दुःख त्यांनी वजनाच्या भाषेत मांडलं, म्हणून त्याला उत्तर सापडलं. खांबाचं उत्तर त्याहून सोपं आहे. क्रॉस आर्मजवळच्या तारेवर इन्सुलेशनचं आवरण चढवायचं, डीपीवरचे उघडे जंपर झाकायचे आणि पाणथळीजवळ एबी केबल, म्हणजे आवरण असलेल्या तारांची जुडी, टाकायची. जिथे पक्षी उडताना तारेवरच आदळतात, तिथे तारा दुरून दिसाव्यात म्हणून त्यांवर डायव्हर्टर लावायचे. यातलं काहीही नव्याने शोधायचं नाही.

माझ्या मागण्या दोनच आहेत. पहिली, उपकेंद्राच्या ट्रिपिंगच्या नोंदीत 'पक्षी वा प्राणी' हा सक्तीचा रकाना असावा आणि त्यापुढे खांबाचं ठिकाण लिहावं. वीज किती वेळा गेली, किती वेळ गेली, हे वितरण कंपन्या नियामक आयोगाला सांगतातच. कशाने गेली, तेही सांगावं. वर्षभरात कळेल की कोणते खांब पुन्हा पुन्हा मारतात. दुसरी, नव्या लाइनच्या निविदेत पक्षीसुरक्षित बांधणीची अट घालावी. सौर कृषी वाहिन्यांसाठी नव्या लाइन पडत आहेत. लाइन उभारताना आवरण बसवणं सोपं जातं. चालू लाइन बंद करून बसवणं महाग पडतं.

शेतकऱ्याचंही यात हित आहे. घार मरते तेव्हा फीडर ट्रिप होतो, मोटर थांबते आणि पाण्याची पाळी अर्धी राहते.

तोवर एक काम वाचकाने करावं. खांबाखाली मेलेला किंवा तडफडणारा पक्षी दिसला, तर हात लावू नका, कारण तार तुटलेली असू शकते. वीज तक्रारीच्या 1912 वर फोन करून खांबाचा क्रमांक किंवा जवळच्या डीपीचं नाव सांगा. पक्षी जिवंत असेल, तर वन विभागाच्या 1926 वरही कळवा. दोन्हीकडून तक्रार क्रमांक मागून घ्या आणि तो लिहून ठेवा.