लोकल टाइम

भाच्याने नेरुळहून येऊन माझ्या लॅपटॉपवर लिनक्स घातले. “मामा, जुनी सिस्टिमही शेजारी राहू दे,” म्हणाला आणि चहा न घेता पळाला. तेव्हापासून आमच्या घरात दोन वेळा नांदतात. लिनक्समध्ये सकाळचे दहा वाजलेले असतात. तिथून उठून जुन्या सिस्टिममध्ये शिरावे, तर पहाटेचे साडेचार.

भानगड साधी आहे. मदरबोर्डवर बटणाएवढ्या सेलवर चालणारे एक घड्याळ असते. लिनक्स त्यात ग्रीनिचच्या हिशोबाची वेळ लिहून ठेवते आणि जुनी सिस्टिम तीच वेळ इथली समजून वाचते. साडेपाच तास गेले खाडीत! एका ओळीची आज्ञा दिली की लिनक्स मुकाट्याने स्थानिक वेळ पाळते. मुकाट्याने म्हणजे, सोसायटीच्या सेक्रेटरीसारखी लेखी ताकीद देऊन: हे बरे नव्हे, पुढे अडचण येईल.

बरे, ‘स्थानिक’ तरी कुठले? वेळेच्या यादीत मुंबईच नाही, नवी मुंबई तर दूरच. आपण कोलकाता निवडायचे. ज्या मुंबईने १९५५ पर्यंत आपली घड्याळे देशाच्या ३९ मिनिटे मागे ठेवण्याचा हट्ट चालवला, तिच्या खाडीपलीकडच्या रहिवाशावर ही पाळी!

शेवटी भाच्याला फोन लावला. म्हटले, “अरे, ते लोकल टाइमचं काहीतरी कर.”

“मामा,” तो म्हणाला, “वाशीलाच अडकलोय. हार्बर पंचवीस मिनिटं लेट आहे.”